परका पैसा, घरचा परवाना

२०२५ च्या मे महिन्यातला एक आठवडा. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर सामान हाताळणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्राने काढून घेतली. आणि पवईच्या आयआयटीने जाहीर केलं की तुर्कस्तानातल्या विद्यापीठांशी केलेले करार पुढील सूचनेपर्यंत स्थगित करत आहोत. जेएनयू आणि जामिया मिलियानेही तेच केलं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला, त्याचा हा राग.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये या तिन्ही गोष्टींवर एकच शेरा ऐकला : ‘बरं झालं!’ राग समजतो. पण त्या करारांत होतं काय, हे डब्यात कुणी विचारलं नाही. सफरचंदाचा भाव निदान पेटीवर लिहिलेला असतो.

*

‘सामंजस्य करार’ हा प्रकार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असतं की बहुतेक करारांचं आयुष्य एका छायाचित्रापुरतं असतं. दोन कुलगुरू, दोन फायली, शाल-श्रीफळ, मागे फ्लेक्स. फाईल कपाटात जाते. नॅकची समिती यायची असली की बाहेर येते, कारण ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ या रकान्यात काहीतरी भरायचं असतं. असा करार स्थगित करणं फुकटात होतं आणि बातमी मात्र पहिल्या पानावर येते. जे करार खरोखर चालू असतात, ज्यात माणसं येतात-जातात, पैसा फिरतो, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. ते मूठभरच असतात.

*

असा एक चालू करार कलिन्यात होता. २०१३ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यान्जिन तंत्रज्ञान विद्यापीठाशी हातमिळवणी करून कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट सुरू केली. चिनी भाषेचे वर्ग, चिनी संस्कृतीचे कार्यक्रम. या संस्थांमागे बीजिंगचं ‘हानबान’ नावाचं सरकारी कार्यालय होतं. पहिली संस्था २००४ मध्ये सोलला निघाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या जगभर पसरल्या.

ठाणे-डोंबिवलीच्या मुलाला मँडरिन शिकायची असेल तर मार्ग सरळ होता : कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडून शेअर रिक्षा, विद्यानगरी. गरजही हवेतली नव्हती. एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांचा बराच कच्चा माल चीनमधून येतो, उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचं निम्मं दुकान तिथून येतं. खरेदी खात्यात चिनी बोलणारा एक माणूस असला तर दलालाची टक्केवारी वाचते.

मग यात खटकण्यासारखं काय? जर्मन सरकारच्या पैशावर काळाघोड्याला मॅक्स म्युलर भवन चालतं, फ्रेंचांचं आलियाँस आहे. त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. फरक जागेचा आहे. मॅक्स म्युलर भवन स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या पाटीखाली बसतं. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट विद्यापीठाच्या आत, विद्यापीठाच्या नावावर बसते, आणि तिथे शिकवायला येणाऱ्याला निवडतं दुसऱ्या देशाचं सरकार. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्येच आपली संस्था बंद केली. फालुन गोंग पंथाची माणसं शिक्षक म्हणून चालणार नाहीत, अशी अट नेमणुकीत असल्याची तक्रार तिथल्या एका शिक्षिकेने केली होती. म्हणजे ज्या वर्षी तिथे दार लागलं त्याच वर्षी कलिन्यात उघडलं. उघडणाऱ्यांनी कॅनडाची बातमी वाचली असेल-नसेल.

माझं माप तेव्हापासून एकच आहे. पैसा कुठला, हे दुसरं. खुर्चीवर माणूस कोण बसवतो, हे पहिलं.

*

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये यूजीसीने फर्मान काढलं : चिनी संस्थांशी करार करायचा तर आधी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची मंजुरी घ्या. मग गलवान झालं. २९ जुलै २०२० ला नवं शैक्षणिक धोरण आलं. २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन एवढ्याच राहिल्या. थाई आहे, चिनी नाही. त्याच सुमारास शिक्षण मंत्रालयाने कन्फ्यूशियस संस्थांचा आणि उच्च शिक्षण संस्थांनी चिन्यांशी केलेल्या ५४ करारांचा आढावा घ्यायचं ठरवलं.

त्यातल्या कन्फ्यूशियस संस्थांच्या यादीतली सात नावं बघण्यासारखी आहेत. मुंबई विद्यापीठ, कोइम्बतूरचं भारतियार, वेल्लोरचं व्हीआयटी, जालंधरजवळचं लव्हली प्रोफेशनल, सोनीपतचं जिंदाल, गुरुग्रामचं के. आर. मंगलम आणि कोलकात्याची चिनी भाषेची एक शाळा. यातली सरकारी विद्यापीठं दोनच. बाकीची खासगी, मुलांच्या शुल्कावर चालणारी. ठाण्या-डोंबिवलीतली किती मुलं दरवर्षी व्हीआयटीला जातात, त्यांच्या आई-वडिलांना शुल्काचे आकडे तोंडपाठ असतात. या विद्यापीठांना ‘तुमचं अनुदान थांबवू’ असं दटावून काय होणार? थांबवायला अनुदानच नाही.

*

अमेरिकेने हेच काम पाकिटाने केलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घातलं : ज्या विद्यापीठात कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट आहे त्याला चिनी भाषा शिकवण्यासाठी संरक्षण खात्याचा पैसा मिळणार नाही. बंदी नाही, छापा नाही. दोन ताटं समोर, एकच उचला. २०१९ मध्ये तिथे अशा सुमारे १०० संस्था होत्या, २०२३ पर्यंत पाचही उरल्या नाहीत.

याच्या जोडीला त्यांच्याकडे जुना उच्च शिक्षण कायदा आहे. परदेशातून वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा जास्त आले तर विद्यापीठाने ते कळवायचं. प्रतिनिधीगृहाने २०२५ च्या मार्चमध्ये जे विधेयक मंजूर केलं त्यात ही मर्यादा ५० हजारांवर आणली आहे, आणि काही नावडत्या देशांसाठी शून्यावर.

अमेरिका पाकीट आवळते, आपण परवाना अडवतो. पाकीट आवळण्यासाठी आधी पाकिटात हात घालून काही दिलेलं असावं लागतं.

*

आपल्याकडच्या महाविद्यालयांचं गणित बघा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या जुन्या तुकड्या अनुदानित, प्राध्यापकांचा पगार सरकारचा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बीएमएस, आयटी, डेटा सायन्स, हे ‘सेल्फ फायनान्स’. गर्दी वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरचा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं. डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात अनुदानित विभाग विनाअनुदानित करण्यावरून वाद पेटला, माजी विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. पण सरकारचा पैसा आपणहून नको म्हणावा असं एखाद्या संस्थेला वाटू शकतं, हे वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

अनुदान जसजसं आटतं तसतशी सरकारची पकड सैल होते आणि ‘बाहेरून काही मिळतंय का’ ही नजर वाढते. परक्या पैशाची भीती वाटणाऱ्यांनी आधी या रिकाम्या जागा मोजाव्यात.

*

एफसीआरए, म्हणजे परकी देणग्यांचा कायदा, आणीबाणीतला. १९७६. त्या वेळी रोख होता राजकीय पक्षांवर. पण भीती त्याहून जुनी : १९६७ मध्ये अमेरिकेत बाहेर आलं होतं की सीआयएचा पैसा वेगवेगळ्या प्रतिष्ठानांच्या आडून विद्यार्थी संघटनांना आणि अभ्यास संस्थांना मिळत होता. एशिया फाउंडेशन त्यातलंच, आणि १९६८ मध्ये भारताने त्याला गाशा गुंडाळायला लावला. २०१० मध्ये कायदा नव्याने झाला, २०२० मध्ये आणखी आवळला : परकी पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच उतरला पाहिजे, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च नाही, एका संस्थेने दुसरीला पुढे द्यायचा नाही.

हा कायदा डोंबिवलीकराला कुठे भेटतो, तर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात. एका बॅचने ठरवलं, प्रयोगशाळा बांधून देऊ. न्यू जर्सी, टेक्सास, पुणे, सिंगापूर, सगळीकडून होकार आले. मग गटातल्या सीए मित्राने प्रश्न टाकला :

‘अरे, पासपोर्ट कुणाकुणाचा कुठला आहे?’

कारण कायद्याला माणूस कुठे राहतो याच्याशी देणंघेणं नाही. भारतीय पासपोर्टवर तीस वर्षं अमेरिकेत राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे देशी. त्याच्याच बाकावर बसणारा, त्याच साली गेलेला, फक्त मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतलेला मित्र ‘परकी स्रोत’. ओसीआय कार्ड दाखवून उपयोग नाही. शाळेच्या ट्रस्टने एफसीआरए नोंदणी घ्यावी म्हटलं तर तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवा, दिल्लीला खातं उघडा, दरवर्षी विवरणपत्र भरा. गटात बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग टेक्सासवाल्याने लिहिलं, ‘मी आलो की सगळ्यांना मिसळ.’ प्रयोगशाळा झाली, देशी पासपोर्टवाल्यांच्या पैशातून, आधी ठरली होती त्याहून लहान.

विवरणपत्र न भरल्याबद्दल २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने ज्यांची नोंदणी रद्द केली त्यांत जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि आयआयटी दिल्ली होती. एवढ्या मोठ्या कचेऱ्यांना जे जमलं नाही ते शाळेच्या एकट्या कारकुनाने करायचं.

*

पवईचा विषय निघाला आहे तर हेही लिहून ठेवतो. ज्या आयआयटीने तुर्कस्तानचे करार थांबवले ती स्वतः परक्या सरकारच्या मदतीवर उभी राहिली. सोव्हिएत संघाने युनेस्कोमार्फत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ दिले. २५ जुलै १९५८ ला १०० मुलांची पहिली तुकडी वरळीत ‘सस्मिरा’च्या इमारतीत बसली, १० मार्च १९५९ ला नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. शीतयुद्ध ऐन भरात असताना चार आयआयट्यांमागे चार सरकारं. कुणा एकाच्या ताटाखाली जायचं नाही, यासाठी ही वाटणी फार सोयीची होती.

रशियन आले, शिकवून गेले. खुर्च्या आपल्याच राहिल्या, १९६१ च्या कायद्याने कारभार आपल्या हातात राहिला. मघाचं माप इथे लावून बघितलं तर पवई सहज पास होते.

*

आता जो प्रसंग पास होत नाही तो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर संशोधनाचं मान्यताप्राप्त केंद्र. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला असेल का, हे शोधायला सलीम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात वाळे घालायची मोहीम सुरू केली. हजारो पक्षी जाळ्यात धरायचे, क्रमांकाचं वाळं घालायचं, सोडून द्यायचे. भारतीय पक्षी कुठून येतात, कुठे जातात याची पहिली भरघोस माहिती त्यातून मिळाली. आरोग्य संघटनेचा पैसा आटल्यावर मदत येऊ लागली बँकॉकहून, स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांची पाहणी करणाऱ्या एका प्रकल्पाकडून. तो प्रकल्प अमेरिकी लष्कराचा होता.

१९७४ मध्ये पीटीआयने हे बाहेर काढलं. जोडीला डास-नियंत्रणाचा दिल्लीतला एक प्रकल्प होता, त्यातही अमेरिकी पैसा. लष्कराला आपल्या पक्ष्यांत आणि डासांत रस का, यावर संसदेत गदारोळ झाला. ज्योतिर्मय बसूंच्या अध्यक्षतेखालच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या संशोधनावर आपला १६७ वा अहवाल १९७५ च्या एप्रिलमध्ये मांडला. जैविक युद्धाचा आरोप संशयापलीकडे गेला नाही. पण डासांचा प्रकल्प बंद झाला.

सलीम अलींच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळभर शंका नाही. पक्षिशास्त्राला आपल्याकडे दमडी कुणी देत नव्हतं, त्यांना मिळेल तिथून पैसा हवा होता. त्यांच्यासारख्या माणसाला लष्करी प्रयोगशाळेच्या दारात उभं राहावं लागलं, ही लाज देणाऱ्याची नाही, आपली आहे. पण समितीने विचारलेले प्रश्नही चुकीचे नव्हते. नमुने कुठे गेले? माहिती आधी कुणाच्या हातात पडली? मंजुरी कुणी, काय वाचून दिली? वाळी घालणारा हात स्वच्छ असला तरी वहीची दुसरी प्रत कुठे जाते हे विचारायलाच हवं.

२०२० च्या सुरुवातीला हीच गोष्ट पुन्हा घडली, पक्ष्यांऐवजी वटवाघळं. नागालँडमधल्या वटवाघळांचा एक अभ्यास, त्यात टीआयएफआरचं बंगळुरूचं केंद्र, लेखकांत वुहानच्या विषाणू संस्थेतले लोक, पैशात अमेरिकी संरक्षण खात्याचा वाटा. आयसीएमआरने चौकशी लावली. ४५ वर्षांत आपण प्रश्न आधी विचारायला काही शिकलो नव्हतो.

(बीएनएचएस अजून वाळी घालते. ऐरोलीच्या पुलावरून जाताना ठाण्याच्या खाडीत जे रोहित दिसतात त्यांतल्या काहींच्या पायात ती आहेत.)

*

उलट दिशेचं एक टिपण. १९६० च्या दशकात आपण पीएल-४८० खाली अमेरिकी गहू खाल्ला, रेशनवर मिलो ज्वारी खाल्ली. त्याचे पैसे रुपयांत फेडले, आणि अमेरिकेला ते रुपये इथेच खर्च करायचे होते. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली, मराठीही. त्यामुळे इथल्या वाचनालयाने रद्दीत घातलेली साठीच्या दशकातली कादंबरी शिकागोच्या विद्यापीठात नीट जिल्द बांधून उभी असू शकते. परक्या सरकारने परक्या विद्यापीठात मराठी साठवून ठेवली, आपल्याच गव्हाच्या पैशातून. यावर आक्षेप घ्यायचा की आभार मानायचे?

*

कल्याणच्या आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागायला अमेरिकी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं : ख्रिस्ती व्हा, मग बघू. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचून विनाअट हात पुढे केला. १८८३ मध्ये आनंदीबाई गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, धर्म होता तोच राहिला.

यात सरकार कुठेच नाही, तरी मला हे प्रकरण या विषयात हवं आहे. कारण वाइल्डरांची अट छापील होती. ती वाचता आली म्हणून नाकारता आली, आणि तीच वाचून दुसरी बाई मदतीला आली. आजचे सामंजस्य करार कुणी छापत नाही.

*

माहितीचा अधिकार वापरावा म्हटलं तर कलम ८ मध्ये एक वाक्य आहे : परकी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती देण्याचं बंधन नाही. करार म्हणजे दोघांनी सही केलेला कागद, ‘मिळालेली माहिती’ नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. तो अपिलात ऐकला जाईपर्यंत अभ्यासक्रम संपलेला असतो. त्यापेक्षा कलम ४ प्रमाणे विद्यापीठाने आपणहूनच संकेतस्थळावर टाकावं : रक्कम, मुदत, नेमणूक कोण करणार, प्रकाशनाआधी कुणाला दाखवायचं. चार ओळी. गृह मंत्रालयाच्या मंजुरीपेक्षा मला या चार ओळींचा आधार जास्त वाटतो, कारण मंजुरी सरकार बदललं, सीमा तापली, पाहुणा आला की बदलते.

आपणही हा खेळ खेळतो, हे विसरू नये. १९५० मध्ये स्थापन झालेली आयसीसीआर परदेशी विद्यापीठांत अध्यासनं चालवते, माणूस आपण पाठवतो.

*

१४ जून २०२५ ला मुंबईत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली : ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी आयईडी. जागा नवी मुंबई विमानतळाजवळची, सिडकोची ‘एज्युसिटी’. ठाण्याच्या पालकांनी अंतर मोजायला सुरुवातही केली असणार. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे या शाखा आपलं शुल्क, आपला अभ्यासक्रम, आपले प्राध्यापक स्वतः ठरवणार. देशहिताला बाधक काही शिकवायचं नाही, एवढं कलम आहे. यातली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया तर तिथल्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं सार्वजनिक विद्यापीठ.

म्हणजे कलिन्यात चिनी शिक्षक आला तर दोन मंत्रालयांची मंजुरी, आणि पनवेलजवळ अख्खं विद्यापीठ आलं तर लाल गालिचा. देश मित्र असेल तर खुर्चीवर कोण बसवतो हा प्रश्नच उरत नाही, असं सरकारचं म्हणणं दिसतं. तुर्कस्तानही कालपर्यंत यादीत कुठे लाल शाईत होता?

*

मँडरिन शिकणाऱ्यांचं पुढे काय? गरज काही संपली नाही, माल अजून तिकडूनच येतो. ती जागा आता तैवान भरतो आहे. २०११ पासून त्यांच्या विद्यापीठांनी भारतात भाषा केंद्रं काढली, पहिल्यांत सोनीपतचं जिंदाल, तेच वरच्या यादीतलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तैवानने मुंबईत कार्यालय उघडलं, त्यावर बीजिंग चिडलं. तैवान सरकार भाषेसाठी शिष्यवृत्त्या देतं, शिक्षक पाठवतं. शिक्षक कोण निवडतो हा प्रश्न तिथेही तसाच लागू आहे, पण सध्या तो विचारायची कुणाला घाई नाही.

एक अडचण मात्र शिकणाऱ्याची राहते. तैवानात लिहितात ती जुनी, भरगच्च चिनी अक्षरं. ग्वांगझूचा पुरवठादार बीजक पाठवतो ते चीनच्या सोप्या केलेल्या अक्षरांत. एमआयडीसीतल्या खरेदी खात्याच्या मुलाला दोन्ही गिरवावी लागतील.